युद्धानंतर मधुमेहाची सेवा पुन्हा उभी करताना सुरुवात कोठून करावी? (सुदानच्या निमित्ताने)

फार्मसीचे_सर (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी.

मी बेळगावात औषधनिर्माणशास्त्र शिकवत असताना वर्गात अधूनमधून सुदानी विद्यार्थी असत. त्यांतला एक राजधानी खार्तूमला लागून असलेल्या ओमदुर्मानचा. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानचे लष्कर आणि निमलष्करी रॅपिड सपोर्ट फोर्सेस यांच्यात राजधानीतच लढाई पेटली, तेव्हा तो कुटुंबासह वाद मदनी या शहरात गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तेही शहर पडल्यावर त्याने पोर्ट सुदान गाठले. मार्च २०२५ मध्ये लष्कराने खार्तूम परत घेतले आणि माणसे घरांकडे परतू लागली, त्यांच्याबरोबर तोही परतला. आता तो तेथील आरोग्य खात्याच्या औषध विभागात काम करतो. पश्चिमेकडे दारफूर आणि कोर्दोफानमध्ये युद्ध थांबलेले नाही, त्यामुळे हा 'युद्धानंतरचा' प्रश्न देशाच्या एका भागापुरताच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

त्याचा प्रश्न असा आहे. मधुमेहासाठी थोडा पैसा हाती येण्याची शक्यता आहे. तो शहरातले मोडकळीला आलेले मोठे केंद्र पुन्हा उभे करण्यासाठी वापरावा, की वस्त्यांमधल्या लहान दवाखान्यांवर खर्च करावा? आणि प्रतिबंधाचे काम आत्ताच हाती घ्यावे, की उपचार रुळावर येईपर्यंत थांबावे?

माझे मत औषधवाल्याचे आहे. न उघडलेली इन्शुलिनची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, खार्तूमचा मे महिना चाळिशीच्या वर जातो आणि वीजकेंद्रांवर ड्रोनहल्ले झालेले आहेत. म्हणून मध्यवर्ती साठा, शीतगृह आणि वाहतूक यांची घडी आधी बसवावी, बाकीचे सर्व त्यानंतर, असे मला वाटते. आपल्या भागात परदेशी काम केलेल्या परिचारिका आहेत, फौजेतले लोक आहेत, आशाताई आहेत. आपण काय सुचवाल?

ऊसवाला_चिकोडी

सर, चारही बाजूंना साखर कारखान्यांची धुराडी असलेल्या तालुक्यातल्या माणसाला मधुमेहावर मत विचारणे म्हणजे सासूला सुनेची बाजू मांडायला सांगणे. तरीही धागा वाचतो आहे. सुदानमध्येही श्वेत नाईलच्या काठी केनाना नावाचा अवाढव्य साखर कारखाना आहे, एवढी माहिती आमच्या ऊस परिषदेतल्या गप्पांमधून मिळालेली आहे.

खानापूरची_सिस्टर

सर, मला तुमचे म्हणणे अर्धेच पटते. २०१५ पर्यंत मी येमेनची राजधानी साना येथे एका रुग्णालयात परिचारिका होते. बाँबहल्ले सुरू झाल्यावर भारत सरकारच्या ऑपरेशन राहतमधून जिबूतीमार्गे परत आले.

आमच्या रुग्णालयात शेवटपर्यंत इन्शुलिन होते. माणसांची यादी मात्र नव्हती. सगळ्या नोंदी संगणकात होत्या आणि जनित्राचे डिझेल शस्त्रक्रियागृहासाठी राखून ठेवलेले असल्यामुळे संगणक बंद होता. कोणाला किती युनिट चालू आहेत, कोणाची मूत्रपिंडे अधू आहेत, कोणत्या मुलाला झोपेत साखर उतरण्याचा त्रास आहे, हे सगळे त्या बंद पेटीत अडकले. निघण्याआधीच्या दिवसांत मी आणि माझी येमेनी सहकारी औषधांच्या खोक्यांची झाकणे फाडून त्यांच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर रुग्णाचे नाव, सकाळचे युनिट, संध्याकाळचे युनिट आणि शेवटच्या तपासणीचा आकडा लिहून देत होतो. ती अरबीत लिहायची आणि मी खाली इंग्रजीत, कारण सीमेपलीकडे तो कोणत्या डॉक्टरसमोर जाऊन बसेल याचा भरवसा नव्हता.

म्हणून माझे उत्तर असे की पहिला पैसा नोंदवहीवर आणि ती राखणाऱ्या परिचारिकेवर खर्च व्हावा. त्यातही टाइप १ ची, म्हणजे शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच न होणारी मुले सर्वांत आधी. टाइप २ च्या माणसाची गोळी महिनाभर हुकली तर नुकसान होते, पण तो बहुधा जिवंत राहतो. टाइप १ च्या मुलाचे इन्शुलिन तुटले की काही दिवसांतच रक्तात आम्ल साठते, उलट्या सुरू होतात, श्वास खोल आणि जोराचा होतो. आजूबाजूला कॉलराची साथ असेल तर उलट्या पाहून त्या मुलाला कॉलराच्याच खाटेवर टाकले जाते. या युद्धात सुदानमध्ये कॉलराची साथ आलेलीच आहे.

अनगोळकर_अण्णा

विषय मोठा आहे, पण आपण हातभार लावू शकतो. आपल्या प्रत्येक घरात उरलेल्या गोळ्या आणि न वापरलेल्या कुप्या असतात. चन्नम्मा चौकात एक दिवस संकलन ठेवू, दोन खोकी सहज भरतील आणि सरांच्या विद्यार्थ्याकडे पाठवून देऊ. आपल्या बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा, एक डबाही त्यात घालू, म्हणजे गोळ्यांचा उपयोग तरी होईल.

फार्मसीचे_सर

अण्णा, भावना समजते, पण कुंद्याबरोबरच गोळ्यांचा बेतही कृपया सोडून द्या. १९९२ ते १९९६ या काळात बॉस्नियाला जगभरातून जी औषधे दान म्हणून गेली, त्यांतील निम्म्याहून अधिक निरुपयोगी होती. मुदत संपलेली, लेबल न वाचता येणारी, उरलीसुरली. सुमारे १७,००० टन कचरा जमा झाला आणि तो नष्ट करण्याचा खर्च त्या उद्ध्वस्त देशाच्या गळ्यात पडला. त्यानंतरच १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम काढले. औषध पोहोचताना त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी आणि रुग्णाकडून परत आलेले औषध पाठवू नये, हे त्यांत स्पष्ट लिहिलेले आहे.

इन्शुलिनच्या बाबतीत त्याहून मोठा धोका आहे. आपल्याकडे मिळणारी कुपी बहुधा ४० युनिट प्रति मिलीलिटरची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. जगात बहुतेक ठिकाणी आता १०० युनिटची कुपी आणि नारिंगी टोपणाची सिरिंज चालते. १०० च्या कुपीतले औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर शरीरात २० नव्हे तर ५० युनिट जातात. पोटात अन्न नसलेल्या माणसाच्या बाबतीत तो चुकीचा डोस प्राणघातक ठरू शकतो. उलट अदलाबदल झाली तर अडीच पट कमी औषध मिळते आणि साखर का उतरत नाही ते कोणालाच कळत नाही. म्हणून देशभरात एकच ताकद, एकच सिरिंज, हा नियम पहिल्या दिवसापासून असला पाहिजे. मी साठ्याचा आग्रह धरतो तो यासाठी.

हिशेबनीस

खर्चाचे कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेची असंसर्गजन्य आजारांसाठीची आपत्कालीन औषधपेटी साधारण १०,००० लोकवस्तीला तीन महिने पुरेल, अशा हिशेबाने बांधलेली असते. चांगली गोष्ट आहे. चौथ्या महिन्याचे काय? मधुमेह हा तीन महिन्यांचा आजार नाही. सिस्टरांच्या नोंदवहीत नाव लिहिले याचा अर्थ त्या माणसाला दर महिन्याला, मरेपर्यंत, औषध देण्याचे वचन दिले. ते वचन कोणाच्या तिजोरीतून पाळायचे?

डॉ_निपाणी

हिशेबनीसांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर औषधांच्या निवडीत दडलेले आहे. मेटफॉर्मिन, एक रक्तदाबाची गोळी, कोलेस्टेरॉल कमी करणारे एक स्टॅटिन, साधे मानवी इन्शुलिन. ही सर्व पेटंटमुक्त, स्वस्त औषधे आहेत. इन्शुलिन तर अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीत १९७७ पासून, म्हणजे यादी निघाली तेव्हापासून आहे. मोठे केंद्र उभे केले की इन्शुलिनची नवनवीन पेन, महागडी यंत्रे आणि त्यांची देखभाल ओघाने येते आणि पैसा तेथेच संपतो.

मात्र स्वस्त म्हणून ग्लिबेनक्लामाइड सरसकट वाटू नये. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडते, मग रुग्ण जेवलेला असो वा नसो. ज्या घरात संध्याकाळची चूल पेटेल की नाही याची खात्री नाही, तेथे वृद्ध माणसाला ही गोळी देणे धोक्याचे आहे. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. अन्नाची अशाश्वती असेपर्यंत साखरेचे उद्दिष्टही थोडे सैल ठेवावे लागते. आमच्या ओपीडीत १८० ची साखर पाहून मी जे बोलतो, ते छावणीतल्या डॉक्टरने बोलू नये.

एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा हट्टही धरू नये. रक्तक्षय, मलेरिया किंवा सिकलसेल असेल तर तो आकडा फसवा येतो आणि पश्चिम सुदानात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. उपाशीपोटीची साखर बोटाच्या थेंबावर तपासली तरी काम भागते, फक्त त्या पट्ट्यांची बाटली उन्हात उघडी राहता कामा नये आणि सगळीकडे एकाच बनावटीचे यंत्र असावे. दहा देणगीदारांची दहा यंत्रे आली की पट्ट्या एकाच्या आणि यंत्र दुसऱ्याचे अशी गत होते.

गडहिंग्लजची_आई

मी फारशी लिहीत नाही, पण येथे लिहावेसे वाटले. माझ्या मुलाला लहानपणापासून टाइप १ आहे आणि त्याचे डॉक्टर बेळगावात. करोनाच्या टाळेबंदीत राज्याच्या सीमेवरचा नाका बंद झाला आणि दोन राज्यांचे नियम वेगवेगळे. इकडच्या पोलिसांनी सोडले तर तिकडचे अडवायचे. आमच्या गावातल्या दुकानात जे इन्शुलिन मिळायचे ते त्याला चालू असलेले नव्हते. शेवटी डॉक्टरांनी फोनवर दोन्हींचे गणित मांडून दिले आणि आम्ही दुसऱ्या प्रकारावर दिवस काढले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरामुळे महामार्ग बंद पडला होता, तेव्हाही हाच घोर होता.

युद्धाची तुलना मी याच्याशी करत नाही. ते करणे बरोबरही होणार नाही. सांगायचे एवढेच की मोठ्या रुग्णालयातला साठा भरलेला असूनही माझ्या घरातल्या फ्रिजमधली शेवटची कुपी संपतच आली होती. मधल्या रस्त्याचा विचार कोणीच केलेला नव्हता. औषध माणसाच्या चालत जाण्याच्या अंतरावर हवे.

सुभेदार_निवृत्त_एमएलआयआरसी

जय हिंद. २०१३ च्या डिसेंबरात दक्षिण सुदानात यादवी सुरू झाली तेव्हा मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जोंगलेई भागात होतो. तो देश २०११ मध्ये सुदानपासून वेगळा झाला. लोक जीव वाचवण्यासाठी आमच्या तळांच्या कुंपणात येऊन राहिले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पाहिले तेवढेच सांगतो.

आमच्या वैद्यकीय पथकाकडे गोळी लागलेले येत, बाळंतिणी येत आणि पायाला जखम झालेले येत. त्या पायवाल्यांमध्ये काही जणांची जखम काही केल्या भरत नसे. आमच्या डॉक्टरसाहेबांनी तपासल्यावर कळले की त्यांना साखर आहे आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताच नाही. दलदलीतून दिवसेंदिवस चालत आलेला माणूस, पायात जुन्या टायरची चप्पल, तळव्याला बधिरपणा. काटा मोडला तरी कळत नाही. एका म्हाताऱ्याच्या टाचेत सायकलच्या तारेचा बोटभर तुकडा निघाला आणि तो शांतपणे विचारत होता की हा किती दिवसांचा असेल.

माझी सूचना साधी आहे. जो कोणी तपासायला येईल त्याला चप्पल काढायला लावा आणि दोन्ही तळवे बघा. त्याला ना वीज लागते, ना पट्टी. प्रतिबंध वगैरे नंतर. ज्याला खायला नाही त्याला 'गोड कमी खा' असे सांगणारा माणूस मला तरी तेथे उभा करायचा नाही.

आशाताई_जांबोटी

सुभेदारसाहेबांचे पायाबद्दलचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. आम्हाला तीस वर्षांवरील सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासायला सांगितलेले आहे. जंगलातल्या वाड्यांवर जाऊन मी तपासते. पण खरे सांगते, तपासून 'तुम्हाला शुगर आहे' असे सांगायचे आणि गोळीसाठी बाईला दोन बस बदलून दिवसाची मजुरी बुडवायला लावायची, हे मनाला पटत नाही. काही बायकांनी मग मला दारातच सांगितले की ताई, यंत्र आणू नका, कळले नाही तर बरे.

म्हणून सुदानच्या भाऊंना माझा निरोप असा द्या की गोळ्यांची पेटी गावात पोहोचल्याशिवाय तपासणीची मोहीम काढू नये. जितक्यांना औषध देता येईल तितक्यांनाच शोधावे. आधी ज्यांना आजार माहीत आहे त्यांना परत धरून आणावे.

डॉ_निपाणी

आशाताई, हे आमच्या परिषदांमध्येही इतक्या स्पष्टपणे कोणी बोलत नाही.

सुभेदारसाहेब, प्रतिबंधाबाबत मात्र मी आपल्याशी असहमत आहे. आपण 'गोड कमी खा' यालाच प्रतिबंध समजत आहात, म्हणून तो आपल्याला क्रूर वाटतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी नाकेबंदी केल्यामुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेली मुले पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात साखर पचवण्याची ताकद कमी असल्याचे आढळले. १९३२-३३ च्या युक्रेनमधल्या दुष्काळाबद्दलही तेच. गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या महिन्यांत उपासमार सोसलेल्यांना टाइप २ मधुमेह होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक निघाले. आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तेथे वजनाने कमी पण तुलनेने अधिक चरबी असलेली बाळे जन्मतात आणि पुढे त्यांना धोका असतो, हे त्यांनीच दाखवून दिले.

याचा अर्थ असा की दारफूरमध्ये जी आई आज उपाशी आहे, तिच्या पोटातल्या बाळाचा मधुमेह आजच ठरतो आहे. त्याची बाधा दिसेल तेव्हा युद्धाची आठवणही पुसट झालेली असेल. तेव्हा सुदानात मधुमेहाचा प्रतिबंध म्हणजे गर्भवतीच्या ताटात डाळ, तेल आणि लोहाची गोळी पोहोचवणे. ते काम थांबवून ठेवण्यासारखे नाही आणि ते मधुमेहाच्या पैशातूनच केले पाहिजे असेही नाही. लोकांनीच उभारलेल्या ज्या सामुदायिक चुली तेथे चालतात, त्यांच्याशी मधुमेहवाल्यांनी बोलावे.

आणखी एक. हाडकुळे, लहानपणी कुपोषित असलेले तरुण रुग्ण तेथे दिसतील. या प्रकाराला २०२५ मध्ये बँकॉक येथे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 'टाइप ५' अशी स्वतंत्र ओळख दिली आणि त्यामागील संशोधनात वेल्लोरच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. अशा रुग्णाला टाइप १ समजून भरपूर इन्शुलिन दिले तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

सुभेदार_निवृत्त_एमएलआयआरसी

गर्भवतीचे ताट म्हणत असाल तर आमची सलामी आहे. त्याला प्रतिबंध म्हणतात हे ठाऊक नव्हते.

तंबाखूबाजार_निपाणी

डॉक्टरसाहेब आमच्याच गावचे, म्हणून भीतभीत लिहितो. सुदानात 'तोंबाक' नावाची ओली तंबाखू ओठाखाली धरतात. आमच्या गावाची ओळखच तंबाखूची असल्यामुळे हा विषय मला चटकन दिसला. मधुमेह आणि तंबाखू एकत्र आले की पायाच्या रक्तवाहिन्या लवकर बंद होतात, आमच्या वखारीतल्या हमालांचे अंगठे गेलेले मी पाहिलेले आहेत. छावणीत बेकार बसलेला माणूस तंबाखू वाढवतोच.

दुसरे म्हणजे रमजान. आमच्या घरी अब्बांना साखर होती. रोजा धरायचाच हा त्यांचा हट्ट असे आणि डॉक्टर विरोध करतात म्हणून ते डॉक्टरांना सांगतच नसत. मग मोहल्ल्यातल्या मौलानांनीच जुम्याला सांगितले की आजाऱ्याला सवलत आहे आणि ज्याला धरायचाच असेल त्याने आधी डॉक्टरकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात. त्यानंतर अब्बा रमजानच्या आधी स्वतःहून दवाखान्यात जाऊ लागले. सुदानात इमामांना सोबत घेतल्याशिवाय हे काम पुढे जाणार नाही.

वारकरी_येळ्ळूर

हेच आमच्या एकादशीचे. इन्शुलिन तेवढेच घ्यायचे आणि दिवसभर साबुदाणा, रताळे, दाण्याचा लाडू. उपवासाच्या दिवशी साखर चढते ती अशी.

ऊसवाला_चिकोडी

एवढे वाचून आता गंभीरपणे एक विचारतो. तेथील लोकांचे मूळ अन्न जोंधळ्याचे आहे, आंबवलेल्या पिठाची पातळ किस्रा आणि घट्ट असीदा. शहरांत मात्र गव्हाचा पाव रुळला आणि गहू मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो. आपल्याकडेही भाकरी जाऊन चपाती आली आणि मग पाव-बिस्किटे. युद्धानंतर शेती पुन्हा सुरू करताना जोंधळ्याला बी-बियाणे आणि भाव दिला, तर मधुमेहही कमी होईल आणि शेतकरीही उभा राहील, असे म्हणता येईल का?

डॉ_निपाणी

शेतकऱ्यासाठी नक्कीच म्हणता येईल. मधुमेहासाठी थोडे जपून म्हणावे लागेल. भाकरीनेही साखर वाढते, चार खाल्ल्या तर चांगलीच वाढते. पण मैद्याच्या पावापेक्षा ती केव्हाही बरी आणि परदेशी गव्हाच्या जहाजाची वाट पाहावी लागत नाही. त्याहून मोठी गोष्ट चहाची आहे. तेथे रस्त्याकडेला बायका चहा विकतात आणि पेल्यात साखरेचा थर असतो. त्या बायकांची चूल बंद पाडू नका, त्यांनाच सांगा की साखर वेगळी द्या, ज्याला हवी तो घालेल.

कुंभारवाडा_खानापूर

इन्शुलिन थंड ठेवण्याबद्दल सर बोलले, म्हणून आमच्या धंद्यातले सांगतो. दोन मडकी, एकात एक, मध्ये ओली वाळू आणि वरून ओले फडके. आतल्या मडक्यात कुपी कोरड्या डबीत ठेवायची, तिला पाणी लागता कामा नये. पाणी उडते तशी आतली उष्णता जाते. खार्तूमसारख्या कोरड्या हवेत हे फार चांगले चालते आणि तेथे रस्त्यावर पाण्याचे मोठे माठ ठेवण्याची पद्धत आहेच, त्यामुळे कुंभारही असणार. आमच्या खानापुरात जुलै महिन्यात मात्र याचा काही उपयोग नाही. हवाच ओली असल्यावर पाणी उडणार कोठे?

फार्मसीचे_सर

कुंभारदादांनी तत्त्व अचूक सांगितले. त्याला जोड म्हणून एक शास्त्रीय आधार देतो. जिनिव्हा विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स यांनी केनियातील दादाब निर्वासित छावणीतल्या घरांमधले तापमान मोजले. त्याचप्रमाणे २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान चढउतार करत इन्शुलिन चार आठवडे ठेवून पाहिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार औषधाची ताकद टिकून राहिली. म्हणजे चालू कुपी घरातल्या माठात ठेवणाऱ्या माणसाला रोज दोनदा टोचून घेण्यासाठी दवाखान्यात यायला लावण्याची गरज नाही. न उघडलेल्या साठ्यासाठी फ्रिज हवाच, आणि तो दवाखान्यात सौरऊर्जेवर चालणारा असावा. गोठलेले इन्शुलिन मात्र टाकूनच द्यावे, ते वितळले तरी कामाचे राहत नाही.

सीमावासी_८६५

मधुमेहाचेच चालले आहे तर हेही लिहितो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला. येथे माणूस आजारी पडला तरी आधी राज्य विचारतात. मूळ प्रश्न सुटल्याशिवाय

संपादक

सीमावासी, आपला प्रतिसाद येथेच थांबवला आहे. सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तेथे अवश्य लिहावे.

गडहिंग्लजची_आई

संपादकांचा मान राखून, त्यातला विषयाशी संबंधित भाग तेवढा मांडते. सुदानात २०२५ पासून दारफूरमधील न्याला या शहरात रॅपिड सपोर्ट फोर्सेसच्या बाजूचे प्रतिस्पर्धी सरकार घोषित झाले आहे. दोन सत्तांच्या मधल्या रेषेवरून लोक ये-जा करणारच. एका बाजूच्या दवाखान्याने दिलेला कागद दुसऱ्या बाजूला चालला पाहिजे. म्हणून रुग्णाच्या हाती द्यायच्या नोंदीच्या कागदावर कोणत्याही सरकारचे चिन्ह नसावे, फक्त रुग्णाचे नाव आणि औषध. चिन्ह पाहून नाक्यावरचा माणूस तो फाडून टाकू शकतो.

हिशेबनीस

हा मुद्दा फार चांगला आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून अर्धेच आहे. औषध स्वस्त असले तरी माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. युद्धात महिनोन्महिने पगार न मिळालेल्या परिचारिका नोंदवह्या भरत बसतील का?

खानापूरची_सिस्टर

भरतात. पण ते गृहीत धरून योजना आखणे हा अन्याय आहे. रवांडाचे उदाहरण पाहावे. १९९४ च्या नरसंहारानंतर तेथे डॉक्टर फारच थोडे उरले होते. पुढे तेथे जिल्हा रुग्णालयांत परिचारिकांनाच टाइप १ मधुमेह, हृदयविकार अशा आजारांसाठी तयार केले आणि त्यांचे स्वतंत्र दवाखाने चालवले. ते पाहून २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागातल्या देशांनी तीच पद्धत स्वीकारली. त्यात परिचारिकेला वेळेवर वेतन आहे, अडचणीत फोन करायला वरिष्ठ डॉक्टर आहे. मोठ्या केंद्राची गरज या फोनच्या दुसऱ्या टोकाला आहे. इमारत त्यानंतर.

फार्मसीचे_सर

मंडळी, येथील चर्चेचा मजकूर विद्यार्थ्याला कळवला होता, त्याचे उत्तर आले आहे. त्याने ठरवले ते असे. मध्यवर्ती केंद्राची फक्त औषधांची खोली आणि एक फोन असलेली खोली दुरुस्त करणार. बाकीचा पैसा वस्त्यांमधल्या दवाखान्यांना. एकच ताकदीचे इन्शुलिन, एकाच बनावटीचे साखर मोजण्याचे यंत्र. तपासणीची मोहीम तूर्त नाही, पण प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा आहार आणि साखर यांची नोंद त्याच टेबलावर. तळवे पाहण्याची सूचना त्याला इतकी आवडली की ती त्याने पहिल्या क्रमांकावर घातली आहे. साठ्याबद्दलचा माझा आग्रह त्याने निम्माच मानला, त्याबद्दल आमचा वाद चालूच आहे.

त्याने एक नवी अडचणही सांगितली आहे. नोंदवही सुरू केली, पण परतलेल्या लोकांना पत्ता नाही. घर पडले आहे म्हणून आज चुलत्याकडे, उद्या बहिणीकडे. फोनचे सिम दर महिन्याला बदलते. मोहम्मद अहमद नावाचे एकाच दवाखान्यात कितीतरी रुग्ण आहेत. यादीतला माणूस औषधाला आला नाही तर त्याला शोधायचे कसे?

आशाताई_जांबोटी

सर, आमच्या वहीत पत्त्याच्या रकान्यात मी पत्ता लिहितच नाही. ऊसतोडीला गेलेले कुटुंब कोठे सापडणार? मी लिहिते आईचे नाव, गाव मूळचे कुठले, कोणत्या दुकानातून उधारी आणतात आणि गावात मागे कोण राहिले आहे. दुकानदाराला सगळे ठाऊक असते. तेथे चहावाली बाई असेल तर तिचे नाव लिहायला सांगा.

खानापूरची_सिस्टर

शिवाय वही दुहेरी प्रतीची ठेवावी, कार्बन घालून. एक प्रत रुग्णाच्या हाती, एक दवाखान्यात. अरब देशांत स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे अशी नावे लावतात, त्यामुळे तीन नावे आणि आईचे नाव लिहिले तर मोहम्मद अहमदांचा गोंधळ बराच निस्तरतो. टाइप १ च्या मुलांची यादी वेगळ्या, लाल पुठ्ठ्याच्या वहीत असावी आणि ती दवाखाना हलवताना सर्वांत आधी उचलावी. सर, त्यांच्याकडे छापील वही नसेल तर मी अरबीतला नमुना हाताने आखून देते. माझ्या त्या येमेनी सहकारीला दाखवून शब्द तपासून घेईन, ती आता जॉर्डनमध्ये असते.

हिशेबनीस

छपाईचा खर्च काढून ठेवतो. पाने किती आणि कार्बन कोणत्या मापाचा, ते सिस्टरांनी कळवावे.